मेघनाच्या गालांवरचे चट्टे

मेघनाच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टे उठले, तेव्हा तिला वाटलं ब्लीच बाधलं. लालबागच्या पार्लरमध्ये ती दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे उजळायची. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने चट्टे फिके झाले, पण मलम थांबवताच दुप्पट लाल होऊन परतले. मग बोटं आखडायला लागली. सकाळी मूठ वळेना, थ्रेडिंगचा धागा हातात धरवेना. दुपारपर्यंत अंगात असा थकवा भरायचा की खुर्चीचा हात धरूनच उभं राहावं लागे.

एकदा नेहमीच्याच एका गिऱ्हाईक बाईंनी तिच्याकडे बघून चेहरा मागे घेतला. "तू राहू दे गं. दुसरी कोणी आहे का?"

करी रोडला घरी सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "तोंडार ह्या काय झाला गो? आमच्या मावशीक असेच डाग इल्ले. गावात तिका गोठ्यात ठेवलेली."

हे दुखणं दुसऱ्यांना लागेल, अशी धास्ती मेघनाने घेतली. तिने आपलं ताट आणि टॉवेल वेगळा केला. चार वर्षांची लेक मनू गळ्यात पडायला आली की ती तिला हातभर लांब धरायची. पोर रडायची, आणि तोंड फिरवून हीही.

एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर मनू दारात उभी. दोन्ही गाल लालभडक.

मेघना किंचाळली. "निलेश! अरे, हिलाही झालं!"

तिचा नवरा निलेश आतून धावत आला. त्याने मनूचा गाल अंगठ्याने पुसला. लाल रंग अंगठ्यावर उतरला. मेघनाची लिपस्टिक होती ती.

"मी आईसारखी झाले," मनू म्हणाली. "आता घेशील मला?"

मेघना उंबऱ्यातच बसली. पोरीला मांडीवर घेण्यासाठी हात पुढे केले आणि तसेच मागे ओढले. निलेशने ते पाहिलं. "बस झालं. उद्या परळला मोठ्या हॉस्पिटलात जायचं," तो म्हणाला.

तिथल्या डॉक्टर मधुरा यांनी चट्ट्यांकडे बघितलं ते थोडाच वेळ; प्रश्नच जास्त विचारले. उन्हात वाढतं का? तोंडात फोड येतात? केस गळतात? ती सगळ्याला हो म्हणत गेली. मग त्यांनी विचारलं, "लघवीला फेस येतो?"

येत होता. तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "याला ल्युपस म्हणतात. शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच शरीरावर उलटते. हे कुणाला लागत नाही. लेकीला खुशाल जवळ घ्या."

मेघनाला हुंदका फुटला. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. "लघवीतून प्रोटीन जातंय. किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल."

सोबत आलेल्या सुभद्राबाई हळूच म्हणाल्या, "मगे मावशीक काय झाला होता?"

बायॉप्सीच्या वेळी मेघना पालथी पडली होती. डॉक्टरांनी श्वास रोखायला सांगितला. पाठीत सुईचा खट्कन आवाज झाला. या त्रासात गालांवरचे चट्टे सर्वांत किरकोळ होते, हे तिला तेव्हा कळलं. इतके दिवस आपण चेहऱ्याला घाबरत होतो, आणि आत भलतंच चाललं होतं.

किडनीला सूज होती, पण वेळेत सापडली होती. गोळ्या सुरू झाल्या. त्या कदाचित जन्मभराच्या. उन्हात जायचं तर सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या, मनाने औषध बंद करायचं नाही, दर महिन्याला लघवी तपासायची, पावलांवर सूज दिसली तर किडनीसाठी लगेच दाखवायला यायचं. हळूहळू मूठ वळू लागली. ती पार्लरमध्ये परतली, अर्ध्या दिवसासाठी.

मनू आता तिला चिकटूनच झोपते. मेघना मात्र रोज सकाळी उठल्यावर आधी पावलांवर अंगठा दाबून बघते, सूज आहे का. खळगा पडला नाही की मगच जमिनीवर पाय टेकते.