दारात उभी राहिलेली जीप

खडकमळ्यात खोकणारं कुणीच नाही, असं त्या वर्षी कागदावर निघालं. पुण्याहून क्षयरोगाच्या पाहणीसाठी आलेल्या डॉक्टर वृषालीताईंनी कर्जत तालुक्यातल्या या गावात थुंकीच्या साठ डब्या वाटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चाळीसेक परत आल्या, त्यातल्या बहुतेक कोरड्या ठणठणीत. काहींत नुसती लाळ, एकीत तर चक्क चूळ भरलेलं पाणी.

"विचारायचंच असेल तर चांगुणाबाईला विचारा," आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या. "मला टीबी झाला होता असं चारचौघांत सांगणारी गावात ती एकटीच."

चांगुणाबाई बौद्धवस्तीत राहायची. पंचेचाळिशीची, अंगानं काटक. दहा वर्षांमागं तिचा नवरा भीमराज याच दुखण्यानं गेला आणि पाठोपाठ तीही पडली. रोज दोन कोस चालत जाऊन तिनं इंजेक्शनं टोचून घेतली, दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या आणि उठून बसली. त्या दीड वर्षात सख्ख्या जावेनं तिचं ताट शेळ्यांच्या खोपटात सरकवलं होतं, तेही काठीनं. बरी झाल्यावर तिनं ठरवलं, आता लपवायचं काय राहिलंय?

"लोक लपवत्यात, बाई," तिनं वृषालीताईंना सांगितलं. "आन् न लपवून करावं काय? डबीत निघालं, मग फुडं?"

"पुढं औषध."

"केंद्रात गोळ्या असत्यात व्हय? मागल्या साली दोन महिने एक गोळी न्हवती."

"ते आमच्या कामात येत नाही, चांगुणाबाई. आम्ही फक्त किती जण आजारी आहेत ते मोजतो."

"मग मोजा तुमी. मी कुनाला खोक म्हननार न्हाई."

वृषालीताई त्या दिवशी तशाच परतल्या. दोन आठवड्यांनी पुन्हा आल्या त्या गोळ्यांची खोकी घेऊन. पुण्यात कुणाकुणाची बोलणी खाल्ली ते त्यांनी सांगितलं नाही. चांगुणाबाईनं खोकी उघडून बघितली, पदर खोचला आणि निघाली.

ती घरोघर बसायची. आधी आपलं सगळं सांगायची. ताट, काठी, खोपट काही गाळायची नाही. मग म्हणायची, "लाळ नगं. सकाळी उठल्या उठल्या छातीतला बेडका काढायचा." बाया हसायच्या, पण डबी ठेवून घ्यायच्या.

गावातल्या कडूबाईची सून पंकजा तिला ओढ्यावर भेटली. वीस वर्षांची पोर, लग्नाला दोन वर्षं झालेली. धुणं आपटता आपटता थांबून दम घेत होती.

"मावशी, अंगात बारीक ताप ऱ्हातो. घाम येतो. डबी द्याल का? पर आमच्या घरी कळाया नगं. सासूबाई ठेवायच्या न्हाईत."

"माझ्या तोंडून जायचं न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं ती डबी पदराखालून नेली.

नऊ जणांच्या डबीत रोग निघाला. त्यात पंकजा होती. चांगुणाबाईनं मनाशी ठरवलं होतं, तिच्या गोळ्या ओढ्यावरच द्यायच्या, कुणाला पत्ता लागायला नको. पण यादीतला प्रत्येक पत्ता खरा आहे की नाही हे जाऊन बघायचं, असा पुण्याच्या कार्यालयाचा नियम होता. एका सकाळी पांढरी जीप कडूबाईच्या दारात उभी राहिली. आतून एक कारकून उतरला आणि कागदात बघून मोठ्यानं वाचता झाला, "पंकजा हनुमंत... क्षयरोगी... इथंच राहते ना?"

चांगुणाबाई तेव्हा कुणाच्या तरी कांद्यात खुरपत होती. तिला कळेपर्यंत पंकजाचं गाठोडं ओट्यावर आलं होतं आणि हनुमंत, तिचा नवरा, मान खाली घालून तिला एसटीला बसवून परतही आला होता.

चांगुणाबाई तशीच मातीच्या हातांनी आरोग्य केंद्रात गेली.

"जीप कुनी धाडली?"

वृषालीताईंना काही ठाऊक नव्हतं. ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "पत्ते तपासावे लागतात. नियम आहे तो."

"नियम करताना तिला इचारलं हुतं का कुनी?"

वृषालीताईंनी रजिस्टर पुढं ओढलं. कारकुनानं नोंद करूनही टाकली होती: गाव सोडले. "आता ती आपल्या पाहणीतून गेली," त्या हळूच म्हणाल्या.

"ती न्हाई गेली. तुमी घालवली. तुमी आन् मी."

वृषालीताईंनी रजिस्टर मिटलं. खोक्यातून दोन महिन्यांच्या गोळ्या काढल्या, पिशवीत भरल्या आणि कुणाला न विचारता तिच्या हातात दिल्या.

पंकजाचं माहेर जामखेडकडं होतं. भावाच्या घरामागं पत्रा टाकून केलेल्या पडवीत ती पडलेली होती. चांगुणाबाईला बघून तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"तुमी म्हनला हुता, तोंडून जायचं न्हाई."

"व्हय. म्हनले हुते."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. जीप, कारकून, नियम. ते सोडून चांगुणाबाईनं भावजयीला गोळ्या नीट समजावून सांगितल्या आणि शेवटच्या एसटीनं परतली. महिन्यानं पुन्हा गेली, तेव्हा पोर आणखीच वाळली होती. तिसऱ्यांदा गेली तेव्हा भावजय पडवी शेणानं सारवत होती. पंकजा मंगळवारी गेली होती. उशाच्या कोनाड्यात निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या. रिकाम्या पोटाला इतक्या गोळ्या सोसायच्या नाहीत म्हणून भावजय दिवसाला एकच देत होती. तिनं काही वाईट मनानं केलं नव्हतं.

"माझं काम झालं," चांगुणाबाईनं परत येऊन वृषालीताईंना सांगितलं. "आता दुसरी कोन बघा."

आठ दिवसांनी वृषालीताई एकट्याच तिच्या घरी आल्या. एसटीनं आल्या होत्या. उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "कसं करायचं ते तुम्ही सांगा. मी लिहून घेते."

चुलीतलं लाकूड मागं ओढून चांगुणाबाईनं सांगायला सुरुवात केली. जीप गावात आणायची नाही. यादी गावात उघडायची नाही. डबीत काय निघालं ते ज्याचं त्याला एकट्याला सांगायचं, आणखी कुणाला सांगायचं ते त्याचं तो ठरवील. गाव सोडून गेलेल्याच्या मागं गोळ्या गेल्या पाहिजेत. आणि जे काय निघंल ते पुण्याआधी आमाला सांगायचं.

पुण्यात भांडण झालं. पहिल्या तीन गोष्टी मान्य झाल्या. गोळ्या मागं धाडायला माणूस नाही म्हणाले. पंकजाच्या नावापुढं मृत्यू लिहा, असंही वृषालीताईंनी सांगून बघितलं. ती पाहणीच्या हद्दीबाहेर गेलेली, म्हणून तेही झालं नाही. निष्कर्ष मात्र वैशाखात त्यांनी शाळेत येऊन सांगितले, पुण्याच्या आधी. पंधरा-वीस माणसं आली. मागं भिंतीला टेकून कडूबाई उभी होती.

सगळे उठून गेल्यावर ती चांगुणाबाईजवळ आली. "चांगुणे, एखादी डबी हाय का?"

चांगुणाबाईच्या मनात आलं, नाही म्हणावं. मग तिनं पिशवीतून डबी काढून दिली.

कडूबाईच्या बेडक्यात रोग निघाला. ती पाच वर्षांपासून खोकत होती. घरादाराला वाटायचं, मिश्रीचा खोकला. पंकजा त्या घरात आली ती धडधाकट, हे चांगुणाबाईला आठवलं.

कडूबाई एक दिवसाआड सकाळी बौद्धवस्तीत यायची, तिच्यासमोर गोळ्या गिळायची. पाणी घरून तांब्यात आणायची. दोघी एकमेकींशी बोलत नसत. एके दिवशी गोळ्या हातात घेऊन ती तशीच बसून राहिली.

"पंकीला माझंच लागलं आसंल का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. चांगुणाबाईनं तिच्याकडं बघितलं.

"लागलं आसंल."

कडूबाईनं एकेक करून सगळ्या गोळ्या गिळल्या, पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

दिवाळीनंतर तिचा खोकला गेला. तिचं बौद्धवस्तीत येणंही थांबलं. वाटेत गाठ पडली की ती क्षणभर थबकायची, काहीतरी बोलायचं असल्यासारखी, आणि पुढं निघून जायची. चांगुणाबाईही तिला थांबवत नसे.