भिंतीला पोट आलंय

"भिंतीला हात कशाला लावताय? परवाच चुना दिलाय," श्यामसुंदरपंत म्हणाले.

"म्हणूनच लावतोय," म्हणत अल्लाबक्ष गवंडी तळवा टेकवून उभा राहिला. वरचा चुना कोरडा होता, पण आतली भिंत गार लागत होती.

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. सदाशिव पेठेतलं चार बिऱ्हाडांचं ते घर पंतांना विकायचं होतं आणि अनंतराव कारकुनांना घ्यायचं होतं. पेठेत कुणी घर घ्यायला निघालं, की अल्लाबक्षला सोबत नेई. तीस वर्षं हेच चाललं होतं. लोक त्याचं सगळं ऐकून घेत आणि मनात आधीच ठरलेलं घर घेऊन मोकळे होत. पावसाळ्यात भिंत बसली, की पुन्हा त्यालाच बोलावणं!

अनंतराव अंगणातल्या हौदावर खूश होते. "दारात पाणी आहे. आणखी काय हवं?"

"येतं ते दिसतंय. जातं कुठे ते बघा," अल्लाबक्ष म्हणाला. मोरीचं पाणी बाहेर न पडता जोत्याखालीच मुरत होतं. चार बिऱ्हाडांना शौचकूप एकच. माळ्यावर चढून त्याने तुळईच्या टोकाला सळई टोचली, तर ती लोण्यात शिरावी तशी शिरली.

"जुनं लाकूड आहे, अंमळ मऊ असायचंच," पंत म्हणाले.

"लाकूड कुठलं? वाळवीच आहे नुसती."

शेवटच्या खोलीत गेनबा नावाचा म्हातारा एकटाच राहत होता. त्याचा सगळा संसार एकाच कोपऱ्यात दाटीवाटीने रचलेला. अल्लाबक्षच्या ते लगेच लक्षात आलं. पंत अनंतरावांना परसदार दाखवायला गेले, तसं त्याने हळूच विचारलं, "बाबा, त्या अंगाला काहीच ठेवत नाही?"

गेनबाने आधी दाराकडे पाहिलं. "माजं नाव घ्यायचं न्हाई. भिंतीला पोट आलंया. पावसात रातभर माती गळती."

"मालकांना सांगितलं?"

"सांगितलं की. म्हनले, पटत नसंल तर वाट धर. आता या वयात जाऊ कुटं?"

अल्लाबक्षने नाव घेतलं नाही. अंगणात येऊन तो एवढंच म्हणाला, "शेवटच्या खोलीची भिंत पावसाआधी उतरवून नव्याने बांधा. तोवर टेकू द्या." अनंतरावांनी पंतांना बाजूला घेतलं, दोघांचं बराच वेळ कुजबुजत चाललं आणि व्यवहार ठरला. "टेकू तुम्हीच लावा," अनंतराव जाताना म्हणाले. एकदा तरी कुणी आपलं ऐकलं, असं अल्लाबक्षला वाटलं.

चार दिवसांनी तो टेकूची लाकडं घेऊन आला, तर गेनबा रस्त्याकडेला गाठोड्यावर बसलेला. खोली रिकामी करून मिळावी, असंही त्या कुजबुजीत ठरलं होतं.

अल्लाबक्ष तडक अनंतरावांसमोर जाऊन उभा राहिला. "मी भिंत उतरवा म्हणालो होतो, रावसाहेब. माणूस काढा, असं नाही."

"अहो, भिंत पाडल्यावर तो राहणार कुठे? आणि नव्या खोलीला बिऱ्हाडही तसंच नको का? काम तुम्हालाच देतोय, तर चिडता कशाला?"

पावसाआधी हाताशी दुसरं काम नव्हतं. आपण नाही म्हटल्याने काही थांबणार नाही, हेही त्याला कळत होतं. दुसरा गवंडी येईल, भिंत उभी राहील, कदाचित चांगलीच राहील. पुष्कळ बोलायचं होतं, तोंडून एवढंच निघालं, "दुसरा गवंडी बघा."

बाहेर गेनबा त्याला म्हणाला, "तुमी नाव घेतलं न्हाई. ठावं हाय मला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अल्लाबक्षला वाटलं. त्याने गाठोडं उचललं.

चुना मळायच्या घाण्यामागे त्याची एक पडवी होती. तिथली पोती सरकवून त्याने कोपरा झाडून दिला. गेनबाने तीन दगड मांडले. लाकूड ओलसर होतं, काही केल्या पेटेना. मग दोघे म्हातारे गुडघ्यांवर वाकले आणि धुराने डोळे चोळत आळीपाळीने फुंकर घालत राहिले.