पेरूखालचा चिकट पुठ्ठा

मित्रांनो, मी उंदीर पकडायचा एक चिकट पुठ्ठा आहे. मी जुना नाही. माझं कामाचं आयुष्य एका सकाळीच संपलं, आणि ती सकाळ आठवली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारखान्यात माझ्यावर गोंद पसरला, मधोमध घडी घातली आणि मला सोलापुरात भवानी पेठेतल्या एका दुकानात धाडलं. दुकानदार गिऱ्हाइकांपुढे माझी तारीफ करायचा. मीही फुगून जायचो. युवराजने मला घेतलं तेव्हा दुकानदाराने बजावलं, "घरात कपाटाखाली ठेवा. भाईर ठेवू नका." युवराजने मान डोलावली, पण ऐकलं काहीच नाही.

युवराज टॉवेलचा व्यापारी. त्याची आई चंद्रव्वा परसातल्या पेरूला दाण्यांचा डबा टांगायची. चिमण्या यायच्या, होले यायचे. खाली सांडलेल्या ज्वारीवर उंदीरही येऊ लागले आणि त्यांनी टॉवेलांचे दोन गठ्ठे कुरतडले. "डबा काढ," असं युवराज म्हणाला. चंद्रव्वाने काढला नाही. मग तिला न सांगता त्याने मला पेरूखाली उघडं पसरलं. वर मूठभर ज्वारीही टाकली!

सकाळी चिमणी उतरली. तिचे पाय चिकटले. ती फडफडली, तसा पंखही चिकटला. जितकी धडपडे, तितकी रुते. भिंतीवरून मांजर खाली आलं. बाकीच्या चिमण्यांनी कालवा केला, तेव्हा चंद्रव्वा झाडू घेऊन धावली आणि तिने मांजराला हुसकलं.

"युवराज! हे कुणी ठिवलं हितं?"

"उंदरासाठी ठेवलं की आई. चिमणी येईल हे मला काय ठाऊक?"

"वर ज्वारी टाकलीस न्हवं? मग कोण येणार हुतं? गप ऱ्हा. पीठ आण, गोडंतेल आण. पळ!"

तिने भोवतालच्या गोंदावर पीठ भुरभुरलं. मग बोटाने एकेका पिसाला तेल लावत चिमणी सोडवली. युवराजने ती फडक्यात धरली. सात पिसं माझ्यावरच राहिली. चिमणीला खोक्यात ठेवलं. दुपारी बघितलं, तर ती गार पडली होती.

दुसऱ्या दिवशी युवराज कामाला लागला. त्याने बिळं सिमेंटने बुजवली, डब्याखाली परात टांगली, मांजर चढू नये म्हणून बुंध्याला पत्रा गुंडाळला. सांजेला सांडलेले दाणेही तोच झाडू लागला. उंदीर फिरकेनासे झाले. अरे, एका दुपारचं काम होतं हे! आधी का सुचलं नाही?

मित्रांनो, पाखरांना दाणे जरूर घाला, पण खालची जागाही झाडा. आणि माझ्यासारखा एखादा पुठ्ठा उघड्यावर पसरलेला दिसला, तर कुणाचा आहे हे विचारत बसू नका. त्याची घडी घाला आणि चुरगाळून टाका. आम्हाला अजिबात वाईट वाटणार नाही.