सात महिन्यांची पाहुणी

मोटार शिकवणाऱ्या माणसाला राग लवकर येतो म्हणतात. आमच्या मास्तरांना तो पहिल्या गियरलाच यायचा. पांढरी छोटी गाडी, पाठीवर लाल अक्षरांत 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा', आणि शिकणाऱ्याच्या शेजारी मास्तर, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. चोवीस वर्षांत त्यांनी डॉक्टर शिकवले, वकील शिकवले, एक पैलवानही शिकवला. तो पैलवान पहिल्याच दिवशी रडला होता. "शिकल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही," हे मास्तरांचं ब्रह्मवाक्य. नवा विद्यार्थी फी भरायच्या आधी ते ऐकून घ्यायचा.

असा हा जमदग्नी घरात मात्र अलीकडे लोण्यासारखा मऊ झाला होता, आणि त्याला कारण होतं. सात महिन्यांपूर्वी त्यांची धाकटी बहीण आजारपणात गेली. मेहुणा त्याआधीच गेला होता. दहा वर्षांची भाची एक बॅग घेऊन मामाच्या घरी राहायला आली. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. मामी चष्म्याच्या दुकानात कामाला. दोघांनी ठरवून टाकलं की पोरीला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही.

आणि खरंच करू दिली नाही! खिडकीजवळचा पलंग तिचा. टीव्हीचा रिमोट तिच्या हाती. एकदा तिच्या हातून मामीचा आवडता काचेचा जग फुटला, तर मामी म्हणाली, बरं झालं, जुनाच झाला होता. तो आणून जेमतेम महिना झाला होता. शेजारच्या बायका जिन्यात विचारायच्या, ही कोण गं? सुरुवातीला मामी खरं सांगायची. पण मग लगेच 'च् च् च्, बिचारी, एवढ्याशा वयात' सुरू व्हायचं आणि पोरीचा चेहरा एवढासा होऊन जायचा. म्हणून मामीनं एक सोपा शब्द शोधून काढला. "पाहुणी आहे आमची," ती हसून सांगायची. विषय तिथेच मिटायचा. बहिणीचा फोटोही मास्तरांनी कपाटात ठेवून दिला होता, उगाच पोरीला आठवण नको म्हणून.

भाची म्हणजे गुणाची खाण. कधी हट्ट नाही, कधी आवाज नाही. सकाळी उठली की चादरीची घडी. कपडे बॅगेतून काढायचे, धुतले की परत बॅगेत. तहान लागली तरी आधी विचारायची, "मामा, मी पाणी घेऊ का?" मास्तर हे सगळीकडे कौतुकानं सांगत फिरायचे. पोर अशी पाहिजे, म्हणायचे.

मग एका सोमवारी संध्याकाळी या गुणी पोरीनं मामापुढे एक कागद ठेवला. शाळेच्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज होता. सुवाच्य अक्षरात सगळा भरलेला, फक्त सहीची जागा मोकळी.

"इथे सही कराल का? शनिवारपर्यंत द्यायचा आहे."

मास्तरांनी हातातला चहा खाली ठेवला. इथे काही कमी पडतंय का, कोणी काही बोललं का, त्यांनी चार-चारदा विचारलं. भाची प्रत्येक वेळी मान हलवत राहिली. "नाही, तुम्ही दोघं खूप चांगले आहात," एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर परवडलं असतं. हे मात्र मास्तरांच्या जिव्हारी लागलं. बघतो, म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. मामी आत पोळपाट पुसत होती, ती पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला सिस्टर होत्या. या सिस्टर म्हणजे बासष्ट वर्षांच्या निवृत्त परिचारिका, मास्तरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांत वयानं थोरल्या आणि तोंडानं त्याहून. त्यांची लेक लांबच्या रुग्णालयात दीर्घ उपचार घेत होती आणि तिची दोन मुलं आजीकडे होती. त्यांना शाळेत सोडायला आणायला म्हणून सिस्टरांनी या वयात गाडी शिकायला घेतली होती. त्या दिवशी त्यांनी गाडी तीनदा बंद पाडली. चौथ्यांदा पुढचं चाक फुटपाथवर चढवलं. मास्तर गप्प! सिस्टरांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि वळून बसल्या.

आज तुम्ही ओरडत नाही, म्हणजे दुखणं घरातलं आहे, असं त्यांनी निदानच करून टाकलं. मग मास्तरांनी सगळं सांगितलं.

सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आरोग्य केंद्रात दर गुरुवारी दुपारी एक वर्ग भरतो, नात्यातली मुलं वाढवणाऱ्यांसाठी. आजी, आजोबा, काका, आत्या, सगळे येतात. मामीला घेऊन या. झालं! मास्तरांचा हरवलेला राग जागेवर आला. माझ्या सख्ख्या बहिणीची पोर, रक्ताचं नातं, तिच्यावर माया करायला मी शिकवणी लावू? मूल वाढवायला काय लायसन लागतं?

"मास्तर," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय म्हणाले होते? तीस वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून रस्ता बघितलाय, मला फार शिकवू नका. त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

मास्तर काचेतून बाहेर बघू लागले. शेजारी बसणं वेगळं आणि चालवणं वेगळं, असं ते म्हणाले होते, आणि चांगलं ठणकावून म्हणाले होते.

"मी स्वतःची तीन वाढवली. मलाही वाटलं होतं, मला कोण शिकवणार? पण माझी तीन माझ्याकडे जन्माला आली होती. ही दोन आली ती एक घर मागे टाकून. माया मला होतीच हो. पण त्यांच्या पोटात काय चाललंय, ते नुसत्या मायेनं कळत नाही. विचारावं लागतं. आणि कसं विचारायचं, तेही शिकावं लागतं."

मास्तरांनी नुसतं हँडब्रेक सोडा म्हणून सांगितलं. पण गुरुवारी दुपारी त्यांनी दोन तास रद्द केले आणि मामीनं दुकानातून अर्धी रजा काढली.

आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. भिंतीवर बाळांच्या लसींचा तक्ता. अकरा जण होते. त्यात एक बेकरीवाले काका होते, भावाची जुळी मुलं सांभाळणारे, आणि एक कंडक्टर आत्या, जी गणवेशातच आली होती. शिकवणारी समुपदेशिका मास्तरांच्या निम्म्या वयाची. ही कालची पोर मला काय शिकवणार, असं मास्तरांच्या कपाळावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

तिनं कागद वाटले आणि दोनच प्रश्न घातले. घरात मुलाकडे कोणतं काम आहे? आणि मूल तुमच्याशी शेवटचं कधी भांडलं? बेकरीवाले काका म्हणाले, कधी भांडलं नाही ते विचारा, लवकर उरकेल. सगळे हसले. मास्तरांनी छाती पुढे काढून झरझर लिहिलं: काम, एकही नाही. भांडण, एकदाही नाही. आम्ही तिला पाहुणीसारखं ठेवलं आहे.

समुपदेशिकेनं तो कागद दोनदा वाचला.

"मास्तर, तुमच्याकडे पाहुणे येतात, ते भांडतात का?"

"छे! पाहुणे कशाला भांडतील?"

"का बरं नाही भांडत?"

"अहो, त्यांना काय, चार दिवसांनी जायचंच..."

पुढचा शब्द मास्तरांच्या तोंडातून बाहेरच आला नाही. खोलीत सगळ्यांना ते कळलं. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारा माणूस स्वतःच्या चुकीपुढे बसला होता. मामीनं पदर डोळ्यांना लावला. "मीच म्हणत होते हो पाहुणी," ती म्हणाली, "तिला बरं वाटावं म्हणून."

समुपदेशिकेनं कोणालाही दोष दिला नाही. एवढंच समजावलं की जे मूल कधीच भांडत नाही ते सुखात असतंच असं नाही. पुष्कळदा ते घाबरलेलं असतं, की जरा चुकलो तर इथूनही जावं लागेल. त्याला काम द्या, म्हणजे त्याला घरात जागा मिळते. आईचं नाव घरात घ्या, ते टाळल्यानं आठवण जात नाही, मूल फक्त एकटं पडतं. लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, हे मुलाबरोबर बसून ठरवा. आणि थकलात तर फोन करा, त्यासाठीच आम्ही आहोत. मास्तरांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शाळेत असताना त्यांनी एवढं कधी लिहिलं नसेल!

संध्याकाळी घरी आल्यावर मास्तर पाठ करून ठेवलेलं भाषण साफ विसरले. मामीनंच सुरुवात केली. आजपासून चहाची भांडी विसळायचं काम तुझं, मामा पुसून ठेवतील, असं तिनं सांगून टाकलं. भाचीनं विचारलं,

"पण पाहुण्यांना काम सांगत नाहीत ना?"

"तू पाहुणी नाहीस," मास्तर म्हणाले.

पोरीनं खाली मान घातली. मग हळूहळू सांगू लागली. शाळेत बाईंनी एक म्हण शिकवली होती: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. अर्थ कोण सांगेल म्हणून विचारलं, तेव्हा वर्गात हिनं हात वर केला नाही. तिला अर्थ पक्का ठाऊक होता. "मला तर दोनशे अकरा दिवस झाले," ती म्हणाली. "तुम्ही चांगले आहात, म्हणून तुम्ही जा म्हणणार नाही. मग म्हटलं, आपणच जावं."

मास्तर खुर्ची सोडून तिच्यापुढे जमिनीवर बसले.

"अक्कल आमची गेली होती, बाळ. हे तुझं घर आहे. चांगली वागलीस तरी तुझं, डोक्यावर घेतलंस तरी तुझं. तुला वसतिगृह मनापासून आवडत असेल, तर मी आत्ता सही करतो. पण आम्हाला अडचण होते म्हणून जाणार असशील, तर जन्मात करणार नाही."

तेव्हा ती रडली. सात महिन्यांत पहिल्यांदा, हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. मामीनं तिला कुशीत घेतलं. मास्तरांनी कपाटातून बहिणीचा फोटो आणून बाहेर ठेवला आणि या बाईनं लहानपणी गणितात नापास झाल्याचं प्रगतिपुस्तक गादीखाली कसं लपवलं होतं आणि मार आपल्याला कसा बसला, ते सांगितलं. पोर रडता रडता हसायला लागली आणि म्हणाली, अजून सांगा.

शनिवारी अर्ज शाळेत गेला नाही. पण एका गुरुवारात सगळं सुतासारखं सरळ झालं, असं कोणी समजू नका. पुढे तीन आठवडे ती पाण्यासाठी परवानगी मागतच होती. मास्तर आणि मामी वर्गाला जातच राहिले. ते जायचे त्या वेळी भाची सिस्टरांच्या नातवंडांबरोबर खेळायची, आणि सिस्टरांच्या गाडीच्या तासाला ती मुलं मामीकडे यायची.

दीड महिन्यानं एक रविवार आला. भांडी पडून होती आणि भाची पुस्तकात डोकं घालून बसली होती. मामीनं तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मास्तरांनी आवाज चढवला, अगदी गाडीतला. भाची ताडकन उठली.

"सारखा काय माझ्याच मागे लागतोस रे, मामा? जा, मी बोलणारच नाही तुझ्याशी!"

आणि आतल्या खोलीचं दार असं आपटलं, की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघितलं असेल. मास्तरांनी मामीकडे बघितलं आणि मामीनं त्यांच्याकडे, आणि दोघंही तोंडावर हात धरून पोट दुखेपर्यंत हसले. तासाभरानं गाल फुगवलेली भाची बाहेर आली आणि भांडी आपटत आपटत विसळली. सगळी विसळली, बरं का.

मंडळी, माया उपजत असते, पण दुःख घेऊन आलेलं मूल वाढवणं शिकावं लागतं, आणि शिकायला जाण्यात कसलाही कमीपणा नाही. तुमच्याही शेजारी नात्यातलं मूल वाढवणारी एखादी आजी असेल, एखादा काका असेल. त्यांना 'केवढं पुण्य करता' म्हणून नुसते हात जोडू नका. आठवड्यातून दोन तास त्यांच्या मुलाजवळ थांबा आणि त्यांना वर्गाला जाऊ द्या. आणि असं मूल तुमच्याच घरी असेल, तर त्याचे नुसते लाड करू नका. त्याला तुमच्याशी हक्कानं भांडता आलं पाहिजे.