डावा अंगठा

"दादा, भोक अजून थोडं मोठं कर ना. अंगठा अडकतोय."

तिने बॉल त्याच्या टेबलावर ठेवला, म्हणजे जवळजवळ आदळलाच. त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"परवाच केलंय. आता अजून केलं तर मूठ जाईल आत. छोटे, दोष भोकात नाही, तुझ्यात आहे."

बोलिंगच्या हॉलच्या मागच्या खोलीत त्याचं ड्रिलचं मशीन होतं. पुढे गुळगुळीत लाकडी लेनवरून लोक जड बॉल सोडत आणि पलीकडच्या दहा पिना पाडत. मागे हा त्या बॉलला ज्याच्या त्याच्या मापाची भोकं पाडून देई, दोन बोटांची आणि एक अंगठ्याचं. आयुष्यभर त्याने लोकांचे अंगठेच मोजले, म्हणून मालक त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. चांगला शिकलेला माणूस, पण या नावावर त्याने कधी तक्रार केली नाही. तक्रार करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

धाकटी बहीण त्याच हॉलमध्ये नवख्यांना खेळ शिकवायची. गेली कित्येक वर्षं हंगामी. आईवडिलांच्या मागे दोघंच राहिलेली, लग्न दोघांचंही राहून गेलेलं. आता कुठे मालक तिला कायम करायला तयार झाले होते, पण आधी स्वतः बसून तिचा खेळ बघणार होते. आणि नेमका याच वेळी तिचा बॉल धप्प वाजायला लागला. हातातून सुटलेला बॉल लेनला अलगद टेकला पाहिजे. अंगठा उशिरा सुटला, की बॉल हाताबरोबर वर जातो, हवेतून पुढे उडतो आणि लाकडावर आपटतो. शिकवणाऱ्या बाईचाच बॉल आपटायला लागला, तर शिकणाऱ्यांनी बघायचं कुणाकडे?

"हात सैल सोड," तो म्हणाला. "घोट्यापाशी आला की आधी अंगठा बाहेर, मग बोटं. टाकायचा नाही. झोपलेलं मूल गादीवर ठेवतात तसा ठेवायचा."

"हेच मी रोज दहा जणांना सांगते रे."

"मग एकदा स्वतःही ऐक. नोकरीची धास्ती घेतली आहेस तू, म्हणून आवळतेस."

"मी नाही आवळत."

"आवळतेस."

त्याने भोक पुन्हा मोठं केलं, आतून घासून गुळगुळीत केलं आणि वर फुंकर मारून बॉल तिच्या हवाली केला. आपण बहिणीचं दुखणं बरोबर ओळखलं, याचं त्याला मनातून बरंही वाटलं.

मग तिने सरावाचा सपाटाच लावला. हॉल उघडायच्या आधी येऊन ती एकटीच बॉल सोडत बसे, आणि मागच्या खोलीत त्याला ऐकू येई, धप्प. सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसत. तो म्हणे, जागत जाऊ नकोस. हॉलच्या कपाटातले बूट तिला एक नंबर मोठे लागायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "पाय वाढायचं वय आहे का हे तुझं?" त्यावर दोघंही पोट धरून हसले.

परीक्षेच्या दिवशी मालक खुर्ची टाकून बसले. पहिला बॉल बरा गेला. दुसऱ्या वेळी अंगठा आतच राहिला. बॉल तिच्या हाताबरोबर कमरेच्या वर गेला, तिला पुढे ओढत सुटला आणि लेनच्या मधोमध असा आपटला, की लाकडाची ढलपी उडाली.

"बाई, तुम्ही लोकांना शिकवणार काय, खड्डे पाडायला?" मालक उठले. "राहू द्या आता."

ती मागच्या खोलीत आली आणि बॉल मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. उजव्या अंगठ्याची साल निघाली होती. भाऊ बोरिक पावडर शोधत होता आणि मनात म्हणत होता, हिला आता काय सांगायचं? मांडीवरचा बॉल घसरू नये म्हणून तिने सहज त्याच्या भोकात डावा अंगठा घातला.

"अरे, बघ ना," ती हसली. "हा पण अडकला."

तो हसला नाही. बॉल टाकणाऱ्याचा उजवा अंगठा सरावाने जाड होतो, हे त्याला ठाऊक होतं. डाव्याने बिचाऱ्याने कधी बॉल उचललेलाच नसतो. तो या भोकात खुळखुळला पाहिजे होता. त्याने खाली बसून तिच्या नडगीवर बोट दाबलं. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला.

"दुखतंय का?"

"नाही. काय झालं रे?"

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून विचारलं, "सूज कधीपासून आहे?"

"सूज नाही हो," ती म्हणाली, "भोक लहान होतं."

बाईंना काही कळेना. त्यांनी भावाकडे पाहिलं.

"भोकं मी पाडतो," तो म्हणाला.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. थोडं आधी आणलं असतं तर, असं बाई म्हणाल्या आणि वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. ते त्याने मनात पुन्हा पुन्हा पुरं केलं. त्याने आपलं मूत्रपिंड देऊ केलं, पण त्याला साखर होती, म्हणून तेही नाही. तिच्या अंगात पाणी साचत होतं आणि हा शहाणा बॉल कोरत बसला होता. स्वतःला शिव्या देऊनही जीव हलका होईना.

आता आठवड्यातून तीनदा ती इस्पितळात डायलिसिसच्या मशीनजवळच्या पलंगावर पडून असते. एका हाताला नळ्या, दुसरा मोकळा. मशीन अंगातलं पाणी काढून घेतं, आणि खाली कोण होतं ते दिसू लागतं. गालफडं बसलेली, मनगट काडीसारखं. मालकांनी दुसरी बाई ठेवली. हे त्याने तिला सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

काल ती बराच वेळ डोळे मिटून पडली होती. मग तिने मोकळा हात त्याच्या पुढे केला.

"माप घे ना, दादा."

"आता कशाला?"

"घे तर."

त्याने आपल्या दोन बोटांचं कडं करून तिच्या अंगठ्यावर चढवलं. ते कुठेही न टेकता थेट बुडापर्यंत गेलं. इतका बारीक अंगठा त्याने आजवर फक्त लहान मुलांचाच मोजला होता.

"किती?"

"तेवढंच," तो म्हणाला. "तुझं जुनंच माप आहे."

तिने मान हलवली. हात मागे घेतला, अंगठा तळव्यावर दुमडला, त्यावर चारही बोटं मिटली आणि ती मूठ चादरीखाली नेली.