दाराबाहेर उरलेला जोड

लालबागच्या चाळीत चोरी झाली की अर्धी चाळ चोराच्या मागे धावते आणि उरलेली अर्धी चोरीची जागा बघायला घुसते. कॉन्स्टेबल मेघना धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचली, तेव्हा जाईबाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. उघडं कपाट जो तो चाचपून बघत होता. एक काकू तर पोलीस येणार म्हणून केर काढायला लागल्या होत्या!

"केरसुणी ठेवा! कशाला हात लावू नका!" मेघना ओरडली. घटनास्थळी सगळ्यांत आधी पोचायची तिची ही पहिलीच वेळ. छाती धडधडत होती, आणि खोटं कशाला बोला, अंगात भलताच हुरूप आला होता.

बाहेर गॅलरीत चाळीतल्याच दौलतने सुशांतची कॉलर धरली होती. जाईबाई मासे आणायला गेल्या आणि परत येईपर्यंत त्यांच्या पाटल्या गायब. कुलूप न फोडता किल्लीने उघडलेलं. किल्ली कुठल्या खिळ्यावर असते ते शेजारच्या सुशांतला ठाऊक, शिवाय मागे मोबाइलच्या एका भानगडीत त्याचं नाव आलेलं. चाळीला एवढं पुरे होतं.

"मॅडम, दोन मिनिटं आमच्या ताब्यात द्या, पोपटासारखा बोलेल," दौलत म्हणाला.

"त्याच्या अंगाला हात लागला तर आधी तुम्हाला आत टाकीन," मेघना म्हणाली. तिचा जोडीदार हवालदार विनीत मधे उभा राहिला. पण माणसं तापली होती आणि हे दोघंच. साहेब यायच्या आत पोराचं काहीतरी बरंवाईट होणार, हे मेघनाला दिसत होतं.

आधी जागा मोकळी केली पाहिजे. "सगळे बाहेर या. आल्या वाटेने. आपापल्या चपला घाला आणि जिन्यापाशी थांबा."

लोक कुरकुरत निघाले. चोरी बघायला धावतानाही यच्चयावत मंडळींनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या होत्या! मेघना वरळीच्या चाळीत वाढलेली, तिला यात काही नवल वाटलं नाही. तिने वाळत घातलेली साडी ओढून दाराला आडवी बांधली आणि वळून पाहिलं.

उंबऱ्याशी एक जोड उरला होता. लाल पट्ट्याच्या, पुरुषी, नव्याकोऱ्या चपला.

"कुणाच्या या?"

जो तो आपापल्या पायांकडे बघू लागला. सुशांतच्या पायात त्याच्या चपला होत्या. मेघनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. चपला इथे आहेत, तर पाय कुठे? तिची नजर खोलीतल्या पोटमाळ्याकडे गेली. तिने विनीतला डोळ्यांनी खुणावलं, तो दारात घट्ट उभा राहिला.

"माझ्याच त्या," जाईबाई घाईघाईने म्हणाल्या. "टाकूक काढलेल्या."

"टाकायला? या नव्या चपला, मावशी?"

जाईबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी त्या उचलायला हात पुढे केला आणि मेघनाने तो हलकेच धरला. या चपला त्यांनीच आपल्या कुणाला तरी घेऊन दिलेल्या, हे तिच्या ध्यानात आलं.

"घरच्याच आहेत म्हणते ना ती! मग याला न्या की!" दौलतने सुशांतला हिसडा दिला. पोराचं डोकं भिंतीवर आपटलं. त्याची आई शांता गर्दीतून "अगो जाई!" म्हणून किंचाळली. आणि जाईबाईंकडे बघत राहिली.

जाईबाईंनी त्या मायलेकरांकडे पाहिलं. मग साडीच्या अलीकडूनच, पोटमाळ्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. आवाज शेवटच्या खोलीपर्यंत गेला.

"अनिश! भाचो तू माझो, सख्ख्या भावाचो झिल. खाली ये. शिडीची दुसरी पायरी हलता, सांभाळून उतर."

दौलतची मूठ सुटली. वरून पत्र्याचा डबा सरकल्याचा आवाज आला.