उजवीकडे धडधडणारं

धाकटी बायोमेडिकल सायन्सच्या पहिल्या वर्षाला होती आणि त्या विषयाने तिला अक्षरशः झपाटलं होतं. जेवताना मूत्रपिंड, कपडे वाळत घालताना फुप्फुसं. वसतिगृहातल्या मुली तिला लांबून पाहूनच वाट बदलायच्या. त्यामुळे हृदयाचा आलेख काढायचं प्रात्यक्षिक आलं, तेव्हा "टेबलावर कोण झोपतंय?" असं मॅडम पुरतं विचारतायत तोवर हिने बूट काढलेसुद्धा.

प्रात्यक्षिकातला तिचा जोडीदार लंबू. त्याने तिच्या मनगटांना आणि घोट्यांना चिकटपट्ट्या लावल्या, तारा जोडल्या. पडद्यावर रेघ धावू लागली. पण जिथे उंच टोक यायला हवं, तिथे खड्डा!

"हातांच्या तारांची अदलाबदल केलीस," धाकटी म्हणाली.

लंबूने रंग पाहून पुन्हा जोडल्या. पुन्हा खड्डा.

"डावा-उजवा हात कळत नाही आणि निघाले हृदय शिकायला!" मॅडम कडाडल्या. वर्ग खो-खो हसला. लंबूचे कान लाल झाले. चिडून तो स्वतःच टेबलावर आडवा झाला आणि धाकटीने त्याच तारा त्याला लावल्या. रेघ सुलटी, टोकं झक्क.

"यंत्र ठीक, तारा ठीक," लंबू उठत म्हणाला. "म्हणजे तूच बिघडलेली आहेस."

धाकटी हसली आणि हसता हसता थबकली. यंत्र ठीक. तारा ठीक. मग उरलं काय? तिने स्टेथोस्कोप कानाला लावला आणि छातीवर डावीकडे टेकवला. ठोका ऐकू आला, पण शेजारच्या घरात कुणीतरी काही कुटत असावं तसा. तिने तो उजवीकडे सरकवला.

धडधड, धडधड! अगदी कानाशी.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. "मॅडम!" ती ओरडली. "माझं हृदय उजवीकडे आहे!"

मॅडम कपाळाला आठ्या घालूनच आल्या. त्यांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि एकेक आठी उलगडत गेली. "चल," एवढंच म्हणून त्यांनी तिला शेजारच्या सोनोग्राफीच्या खोलीत जवळजवळ ओढतच नेलं.

गार जेल, काळसर पडदा, आणि त्यात उघडझाप करणाऱ्या झडपा. हृदयाचं टोक उजवीकडे वळलेलं. यकृत चक्क डावीकडे. सगळं आरशात पाहावं तसं.

"सतत सर्दी, खोकला, दम लागणं?" मॅडमनी विचारलं.

"कधीच नाही."

"मग तुझं झकास चाललंय. डॉक्टरांकडून एकदा नीट तपासून घे. आणि पुढेमागे अपेंडिक्स दुखलंच, तर ते डावीकडे दुखेल. आधीच सांगून ठेवायचं."

धाकटीचं अर्धं लक्ष पडद्यावरच होतं. जे चित्रांत पाहून पाहून पाठ केलं, ते तिचं स्वतःचं होतं आणि आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, चाललं होतं.

बाहेर येताच तिने घरी फोन लावला.

"उजवीकडे?" आई घाबरली. "अगं, काय झालं तुला?"

"काही झालेलं नाही. जन्मापासूनच तसं आहे."

"म्हणजे माझ्या पोटातच? आणि मला पत्ता नाही!"

मागून बाबांचा आवाज आला. "मी म्हणतच होतो, कार्टी उलट्या काळजाची आहे!"

"तुम्ही गप्प बसा हो!" आई म्हणाली, पण तिलाही हसू फुटलं होतं.

धाकटी परतली तेव्हा मॅडम फळ्याजवळ उभ्या होत्या.

"मॅडम, पण शरीराला डावं-उजवं कळतंच कसं?"

मॅडमनी खडू उचलला. गर्भ अगदी चिमुकला असताना त्याच्यावर सूक्ष्म केस गरागरा फिरतात, भोवतीचा द्रव डावीकडे ढकलतात, आणि त्या प्रवाहावरून डावी बाजू ठरते.

"मग माझ्यात काय झालं?"

"माहीत नाही. बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही."

"सापडत नाही, की कुणी शोधलं नाही?"

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत माशांच्या गर्भांवर हेच संशोधन चालतं. सुट्टीत एक विद्यार्थी घेतात. पण पहिल्या वर्षाच्या मुलीला घेतील असं काही..."

धाकटी जिन्यापर्यंत पोचलीसुद्धा होती.

"अगं, बूट!" लंबू ते हातात धरून तिच्यामागे धावला.